वेखंडेबाईंची सही

राऊटर लावायला कुणाच्याही घरी गेल्या तरी वेखंडेबाई दारात बूट काढत नसत. जाड रबरी तळाचे, काळे, पुरुषी मापाचे बूट होते ते. अंगावर साडी, साडीवर खात्याचा खाकी कोट, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि खाली ते बूट. आमच्या शहापूर-मुरबाडकडे सारवलेल्या ओटीवर कुणी पायताण घालून चढलं तर म्हातारी माणसं तोंडावर बोलतात. बाईंनाही बोलत.

"बाय, आत देव हाय."

"देवाला मी सांगून ठेवलंय," असं म्हणून बाई आत जात. भिंतीतून आलेल्या टेलिफोनच्या तारेला आधी टेस्टर लावत, त्यावरचा आकडा बघत, आणि मग शांतपणे बाहेर येऊन बूट काढून पुन्हा आत जात. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "तारेवर वाटेत काय पडलंय ते तार सांगत नाय. इचारावं लागतं."

मी शहापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजला कनिष्ठ अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या. मी त्यांचा साहेब आणि त्या माझ्या हाताखालच्या मेकॅनिक. मी परीक्षा देऊन आलेला, संगमनेरकडचा. त्या अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या, आटगावजवळच्या गावातल्या. नवरा खात्यात लाइनमन होता, कामावर असताना गेला, एवढंच मला ठाऊक होतं. अशा बायकांना सहसा टेबलावर बसवतात. बाईंनीच म्हणे अर्ज देऊन बाहेरचं काम मागून घेतलं होतं.

तेव्हा तांब्याच्या टेलिफोन तारेवरून इंटरनेट द्यायचे दिवस होते. घराघरांतून राऊटर लागत होते. राऊटरवर चार-पाच दिवे असतात, त्यातला दुसरा खरा. तो लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की एक्स्चेंजमधल्या यंत्राशी त्याचं जमलं असं समजायचं. बाकीचे मेकॅनिक तो दिवा स्थिर झाला की गिऱ्हाइकाची सही घेऊन निघत. बाई तिथून पुढं कामाला लागत. घरातली ट्यूबलाइट चालू-बंद करायला लावत, पंखा लावायला सांगत, स्वयंपाकघरात जाऊन "गो, जरा मिक्सर फिरव" म्हणत. टेलिफोनवर बाहेरून रिंग मागवत. आणि या सगळ्यात त्यांची नजर त्या दिव्यावर असे. दिवा जराही हलला नाही तरच सही. त्यामुळे बाकीच्यांचे दिवसाला सहा राऊटर होत आणि बाईंचे दोन. माझ्या महिन्याच्या तक्त्यात बाईंच्या नावापुढचा आकडा सगळ्यांत लहान असे आणि वरून मला विचारणा होई. पण बाईंनी लावलेल्या लाइनची तक्रार पुन्हा येत नसे, आणि हे दाखवायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मुरबाडला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं इंटरनेट रोज दुपारी अर्धा-पाऊण तास जाई. अकरा तक्रारी, तीन मेकॅनिक, दोन नवे राऊटर. शेवटी मी स्वतः गेलो आणि बाईंना बरोबर नेलं. बाईंनी दिवे-पंखे सगळं करून पाहिलं. काही नाही. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमी जेवा, झोपा. मी हितं बसते."

गुरुजी जेवून आत झोपायला गेले. बाई राऊटरसमोर खुर्ची घेऊन बसल्या. चहा नको, पाणी नको. पावणेतीनला दुसरा दिवा गेला. बाई उठल्या, तारेचा माग काढत भिंतीला हात लावून मागच्या खोलीपर्यंत गेल्या आणि दार अर्धवट ढकलून थांबल्या. मी त्यांच्या मागून डोकावलो. खाटेच्या पलीकडे गुरुजींची ऐंशीची आई जमिनीवर बसली होती. कधीकाळचा जुना फोन, जो बंद पडला असं घरात सगळे धरून चालले होते, तो तिच्या मांडीवर होता आणि तोंडाशी पदर धरून ती कुणाशी तरी बोलत होती. "जेवलीस का? पोराचा ताप उतरला का?" एवढं ऐकू आलं. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

गुरुजींच्या बहिणीनं मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि वीस वर्षं त्या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं, हे मला नंतर कळलं. बाईंना ते तिथंच कळलं असावं. त्या आत गेल्या, म्हातारीला हातानं "बोल, बोल" अशी खूण केली, आणि फोन खाली ठेवला गेल्यावर पिशवीतून काडेपेटीएवढी एक डबी काढून त्या फोनच्या तारेला जोडली. तशी डबी लावली की बोलणं आणि इंटरनेट एकाच तारेवरून एकमेकांच्या आड न येता चालतात. मग म्हातारीला पुन्हा फोन लावायला सांगितला. दिवा हलला नाही.

गुरुजी उठल्यावर त्यांनी विचारलं, "काय होतं हो?"

"जोड सैल होता, गुरुजी. घट्ट केला."

अहवालातही तेच लिहिलं. मी जीपमध्ये हसलो. बाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता डोळखांबचं सांगतो. ते सांगायचं म्हणून तर हे लिहायला घेतलं.

डोळखांबच्या पुढं पाड्यांच्या मधोमध एक आरोग्य केंद्र होतं. तिथं पडदा बसवून ठाण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी पेशंट बघायचे, अशी योजना आली. लाइन आमच्या खात्याची. उद्या सकाळी अकराला उद्घाटन, ठाण्याहून बडे पाहुणे पडद्यावरून इथल्या पेशंटशी बोलणार. आदल्या दिवशी सकाळी मी आणि बाई राऊटर लावायला पोहोचलो. थंडीचे दिवस होते. भात निघून गेलेलं, खाचरं मोकळी, आणि जिथं विहिरीला पाणी तिथं भेंडीचे हिरवे वाफे.

बारा वाजता राऊटर लागला. दिवा स्थिर. मी लॅपटॉपवर राऊटरचं आतलं पान उघडलं. तारेतल्या गोंगाटाच्या वर आपला सिग्नल किती आहे ते त्यात आकड्यानं दिसतं. वीसच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं, सहाच्या खाली गेला की दिवा गेलाच. आमचा आकडा एकोणीस होता. पडद्यावर ठाण्याचा डॉक्टर दिसला, त्यानं हात हलवला, इथल्या सिस्टरनं हात हलवला. झालं.

"चला बाई, सही करा," मी म्हणालो. चाचणी अहवालावर दोन सह्या लागत, मेकॅनिकची आणि अधिकाऱ्याची.

"बसू जरा," बाई म्हणाल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवा गेला. दोन मिनिटांनी आला. बाईंनी आपल्या छोट्या वहीत वेळ लिहिली. मग लशींचा फ्रिज बंद करून चालू केला, पाण्याचा पंप लावून पाहिला, दिवे, पंखे. काही नाही. पाच पंचवीसला दिवा पुन्हा गेला आणि पुन्हा आला. आकडा मात्र एकोणीसवरून अकरावर आला होता आणि तिथंच डुगडुगत होता.

मला शहापूरला परतायचं होतं. मोठ्या साहेबांचे फोन चालू होते आणि त्या भागात मोबाइलला रेंज यायची ती टेकाडावर गेल्यावरच. मी दोनदा टेकाड चढून आलो होतो.

"बाई, दोन मिनिटांत परत आली ना लाइन?"

"आली. पण गेली कशाला?"

"उद्या कार्यक्रम दहा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ टिकेल."

"कार्यक्रमासाठी लाइन टाकलीय, का पेशंटसाठी?"

मला राग आला. मी म्हणालो, "मुरबाडला तुम्ही नाही का अहवालात खोटं लिहिलंत? जोड सैल होता म्हणून?"

बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तिथं लाइन चालत होती, साहेब. हितं चालत नाय. मी आज सिस्टरकडं राहते. सकाळी डीपीपासून तार बघत येते. मंग सही."

डीपी म्हणजे रस्त्याकडेच्या खांबावरची पेटी. जमिनीखालची केबल तिथं संपते आणि तिथून एकेरी तार खांबाखांबांवरून, झाडाझाडांवरून इमारतीपर्यंत येते.

मी निघून आलो. शहापूरला पोहोचलो तो ऑफिसात फोन वाजतच होता. मोठे साहेब. "अहवाल कुठाय? सगळ्या केंद्रांचे आले, तुमचाच नाही." मी सांगायचा प्रयत्न केला की मेकॅनिकला शंका आहे. ते म्हणाले, "अधिकारी तुम्ही आहात की ती बाई?" फोन ठेवल्यावर मी अहवाल पुढं ओढला. 'चाचणी समाधानकारक' लिहिलं. खाली माझी सही केली. मेकॅनिकच्या सहीचा चौकोन रिकामा दिसत होता. तिथं मी लिहिलं, 'रजेवर'. आणि पाठवून दिला.

सकाळी साडेसहाला मी पुन्हा आरोग्य केंद्रात हजर होतो. दव इतकं की व्हरांड्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. बाई तयार होत्या. केस बांधलेले, बूट घातलेले. अहवालाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

"साहेब, तुमी हितं दिव्यापाशी बसा. टेलिफोनचा रिसिव्हर कानाला धरा. मी डीपीवर माझा फोन जोडते. त्याच तारेवरून बोलू. आकडा सांगत राहा."

त्यांच्याकडे मेकॅनिकचा जाड, लाल रंगाचा फोन होता. दोन चिमटे तारेला लावले की कुठल्याही खांबावरून बोलता येई. तो त्या कुणाच्या हातात देत नसत.

थोड्या वेळानं रिसिव्हरमध्ये बाईंचा आवाज आला. "साहेब, आकडा?"

"अठरा."

"दिवा?"

"स्थिर."

"बरं. थांबू आता."

आम्ही थांबलो. कानाशी त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागं कोंबडा. सिस्टर वजनकाटा पुसत होती. बाकावर एक पोटुशी बाई आणि तिची सासू बसल्या होत्या. मी आकड्याकडे बघत होतो. अठरा. अठरा. सतरा. मी घड्याळ पाहिलं, सात वाजायला दहा कमी. साडेअकरापर्यंत हे सगळं निभलं की बाईंना सांगून टाकू, असं मी मनाशी म्हणत होतो.

आणि कुठंतरी लांब मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. आकडा एकदम चारवर. दिवा गेला. रिसिव्हरमधून घूंऽऽ असा जाड आवाज, कानात भुंगा शिरावा तसा.

"बाई, गेला!"

"रिसिव्हर टाका!" त्या ओरडल्या. "साहेब, टाका तो! सिस्टरला सांगा, कुणी तारेला शिवायचं नाय!"

मी रिसिव्हर फेकला. सिस्टरला ओरडून सांगितलं, बाकावरच्या दोघींना भिंतीपासून लांब केलं आणि केंद्राच्या मागच्या बाजूनं बाहेर पळालो. आमची तार छपरावरून निघून खाचरं ओलांडून एका ऐनाच्या झाडाकडे जात होती. मी तिच्याखालून पळत सुटलो. पायांखाली भाताचे खुंट टोचत होते. समोरून, रस्त्याच्या बाजूनं, बाई पळत येत होत्या. साडी वर खोचलेली, हातात तो लाल फोन.

ऐनाच्या पलीकडे एक घर होतं आणि घराला लागून पत्र्याचा गोठा. विहिरीवरच्या मोटारीची तार घरातून निघून त्याच ऐनाच्या फांदीवरून गेली होती. दोन्ही तारा एका बेचक्यात एकमेकींवर घासत होत्या. आमची तार पुढं ढिली पडून गोठ्याच्या पत्र्यावर टेकली होती. हे सगळं मी नंतर पाहिलं. त्या क्षणी मला दिसली ती एक म्हातारी. हातात चरवी घेऊन, अनवाणी, ओल्या अंगणातून गोठ्याकडे निघालेली. गोठ्याच्या तोंडाशी लोखंडी पाइप होता आणि तिचा एक हात त्या पाइपाकडे जात होता.

"आये!" बाई ओरडल्या. "हात नको लावू! आये!"

म्हातारीला ऐकू कमी येत असणार. तिनं मानही वळवली नाही. बाई अजून तीस-चाळीस पावलं लांब होत्या. त्यांनी हातातला लाल फोन मागं नेऊन जीव खाऊन फेकला. तो म्हातारीच्या चरवीवर ठाणकन आपटला. चरवी हातातून उडाली. म्हातारी दचकून दोन पावलं मागं झाली.

"कोन हाय रे मेल्या?"

तोवर बाई तिच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. तिला दंडाला धरून मागं ओढत त्या माझ्याकडे ओरडल्या, "साहेब, विहिरीवर! मोटार बंद करायला सांगा. ओल्या हातानं नाय, सुक्या काठीनं!"

विहिरीवर सून होती. मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही, पण तिनं कुंपणातली सुकी काठी उपसून खटका पाडला. मोटार थांबली.

परत आलो तर बाईंनी म्हातारीला घराच्या ओट्यावर बसवलं होतं. टेस्टर काढून त्यांनी पत्र्याला एक टोक लावलं, दुसरं जमिनीत खुपसलं. काही नाही. मग म्हणाल्या, "पुन्हा लावायला सांगा. एकदाच. तिला म्हनावं पायाखाली सुकी फळी घे."

मोटार लागली. टेस्टरवर एकशे चाळीस व्होल्ट आलं. बाईंनी मला तो आकडा दाखवला. मोटार बंद झाली. सून धापा टाकत आली.

"बाय, काय झालं?"

"गोठ्यात कुनाला मुंग्या आल्यागत झालं का गो हल्ली?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. "आठ दिस झाले. सकाळी पत्र्याला हात लागला का कळ जाते. आमी म्हनलं थंडीनं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आन् परवा वासरू गेलं आमचं. पान लागलं म्हनून पुरलं."

पान लागणं म्हणजे साप चावणं. सकाळच्या वेळी सापाचं नावही घेत नाहीत इकडं.

बाई बांधावर बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली धरले. मी त्यांच्यासमोर उभा होतो. खिशातला मोबाइल मला जड वाटत होता. मला वाटलं, अहवाल पाठवल्याचं आता बाईंना सांगावं. मी म्हणालो, "बाई, मी टेकाडावर जाऊन येतो."

टेकाडावरून मी मोठ्या साहेबांना फोन लावला. सांगितलं की अहवाल मागं घेतोय, लाइन धोक्याची आहे, वीज मंडळाच्या माणसाला बोलावलंय. ते जे बोलले ते इथं लिहीत नाही. उद्घाटन मुरबाडकडच्या दुसऱ्या केंद्रातून झालं. पाहुण्यांना कळलंही नसेल.

वीजवाला येऊन त्याची तार वेगळी करून गेला. बाईंनी आमची तार झाडावरून काढून नव्या खांबावर ओढली. मग पुन्हा राऊटरसमोर खुर्ची टाकून बसल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सुनेला निरोप देऊन पाच वेळा मोटार लावायला सांगितली. पाचही वेळा आकडा एकोणीसच राहिला. चार वाजता त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि नव्या अहवालावर सही केली. सुमन रामचंद्र वेखंडे. शाळेतल्यासारखं स्वच्छ अक्षर.

मला वाटलं, सुटलो.

महिन्याअखेरीस बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात हजेरीचा कागद.

"साहेब, मी रजेवर होते म्हनं."

पहिला अहवाल मागं घेतला होता, पण त्याची प्रत हजेरीच्या कारकुनाकडे गेली होती आणि त्यानं इमानदारीत बाईंची एक रजा कापली होती. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती रजा काढून टाका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. "मी त्या दिवशी तिथं होते."

"हो, बाई. मी लगेच..."

"लिहून द्या तसं. मी त्या दिवशी तिथं होते, कामावर होते, असं लिहा. सही करा."

मी लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून निघून गेल्या.

त्या गेल्यावर आमचे हेडक्लार्क दिनकरराव आले आणि समोर बसले. खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "साहेब, तुम्हाला माहीत नसणार म्हणून सांगतो. बाईंचा नवरा, वेखंडे, वैशाखरे गावात खांबावर शॉक लागून गेला. तारेवर विजेची तार पडलेली होती, याला कुणी सांगितलं नव्हतं. वर कागद असा होता की लाइन तपासली, ठीक आहे. मग वरच्यांनी निस्तरायचं म्हणून हजेरीत लिहिलं, वेखंडे त्या दिवशी रजेवर होता, स्वतःच्या मनानं खांबावर चढला. बाईला दोन वर्षं लागली नवरा कामावर होता हे सिद्ध करायला. पदराला दोन पोरं. ज्या गावच्या खांबावर तो गेला तिथल्या माणसांच्या दारोदार फिरून तिनं अंगठे घेतले. हा माणूस त्या दिवशी तिथं होता, म्हणून."

दिनकरराव उठून गेले. 'रजेवर' हा शब्द मी किती सहज लिहिला होता. चार अक्षरं. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

बाईंनी त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. आमचं काम तसंच चालू राहिलं. फक्त एक बदल झाला. त्या दिवसापासून माझी सही त्यांच्या सहीनंतर झाली. आधी कधीच नाही. वरून फोन आले तरी मी सांगायचो, मेकॅनिकची चाचणी चालू आहे. माझा महिन्याचा तक्ता कायम मागं राहिला आणि बढती दोन वर्षं लांबली. याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. वाटलं. पण त्यापेक्षा बाईंसमोर कागद सरकवताना मान खाली घालायला लागू नये, याचं जास्त वाटत असे.

पुढं तांब्याच्या तारांचे दिवस संपत आले. काचेच्या तारा आल्या, माणसं जास्त झाली, स्वेच्छानिवृत्ती निघाली. बाईंनी अर्ज भरला. निरोपाच्या दिवशी एक्स्चेंजच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. दोघं-तिघं बोलले. मग माझी पाळी. मी ठरवून आलो होतो. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, डोळखांबचं. मी सही कशी केली, 'रजेवर' कसं लिहिलं, बाईंनी एक म्हातारी कशी वाचवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदोघांनी येऊन माझा हात हातात घेतला, म्हणाले, कबूल करायला मोठं मन लागतं.

बाई शाल-श्रीफळ घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. मी जवळ गेलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत ओलावा वगैरे काही नव्हता.

"साहेब," त्या हळू म्हणाल्या, "निरोप माजा होता."

त्यांचं बरोबर होतं.

त्यानंतर मी ठाण्याला बदलून गेलो. बाईंची खबर मधूनमधून दिनकररावांकडून कळे. मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला आहे, बाई गावीच राहतात, एकट्या. भेटायला जायचं असं मी दर वेळी म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त शहापूरला गेलो होतो. सकाळी दहाची वेळ. आटगावकडच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर उभा होतो. समोरून एक स्कूटर आली. पुढं शिकाऊचा लाल अक्षराचा कागद चिकटवलेला. चालवत होत्या वेखंडेबाई. डोक्याला मोठं हेल्मेट, चष्मा, साडी नव्हे तर चक्क पंजाबी ड्रेस. मागं कुणी नाही. वेग इतका कमी की एक सायकलवाला त्यांना मागं टाकून गेला. पाठ ताठ, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, ओठ दाबलेले, नजर रस्त्यावर खिळलेली.

"बाई!" मी टपरीवरून ओरडलो. चहा हातावर सांडला. "वेखंडेबाई!"

त्यांनी मान न वळवता फक्त डोळे तिरके केले. मला ओळखलं. आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं तोंड भरून हसताना पाहिलं नव्हतं. मी हात वर करून हलवत होतो. स्कूटर डुगडुगली, सावरली.

"साहेब," त्या माझ्यासमोरून जाताना ओरडल्या, "हात सोडता येत नाय!"